न बोललेला नवस

घोडपदेवच्या डॉक्टर हर्बर्टनी गुणाजी करलकरला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ब्याण्णव.

"साखर अगदी काठावर आलीय, गुणाजी. तीन महिन्यांत नऊ किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. गोड बंद, भात अर्धा, आणि रोज सकाळी पाऊण तास झपाझप चालायचं. आणि ऊठसूट काट्यावर चढू नका, उगाच जीव खाली-वर होतो. तीन महिन्यांनीच या."

गुणाजीच्या वडिलांचा पाय याच साखरेने गेला होता, त्यामुळे तो मनापासून घाबरला. जहाज कंपनीच्या ऑफिसात सव्वीस वर्षं खुर्ची झिजवलेला हा माणूस दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला हाफपँट घालून खाली उतरला.

आता चालायचं कुठे? गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, आणि मधल्या जागेतल्या कुत्र्यांना त्याची हाफपँट पसंत नव्हती. मोकळं असं एकच ठिकाण होतं. चाळीच्या पटांगणात मारुतीचं छोटं देऊळ आहे, त्याच्याभोवती फरशीची वाट आहे. तिथे चपला चालत नाहीत, म्हणून गुणाजी अनवाणी झाला. फेऱ्या विसरू नयेत म्हणून ओठांतल्या ओठांत मोजू लागला.

तळमजल्यावरच्या कमळाबाईंनी हे पाहिलं. त्या मूळच्या मालवणच्या. वय ऐंशी, नजर तेज, कान जेमतेम.

"गुणाजी, नवस कसलो रे?"

विसाव्या फेरीत गुणाजीला श्वास पुरत नव्हता. त्याने पोटाकडे बोट दाखवलं आणि जमेल तेवढं बोलला, "जड झालंय, काकी. तीन महिन्यांत खाली आणायचंय."

कमळाबाईंनी बोटाच्या रेषेत पाहिलं. गुणाजीच्या पोटामागे तीन मजली चाळ लोखंडी टेकूंवर उभी होती. अकरा वर्षं तिच्या रिडेव्हलपमेंटची फाइल कुठल्याशा टेबलावर झोपलेली. कमळाबाईंचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, की गुणाजीने नवी बिल्डिंग व्हावी म्हणून मारुतीला तीन महिन्यांच्या प्रदक्षिणा बोलल्या आहेत. (त्यातले तीन महिने तेवढे खरे होते.)

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे चार बायका उदबत्त्या घेऊन चालत होत्या. आठवड्याभरात तीस माणसं झाली. चाळीचे सेक्रेटरी बुधाजी सावंत झांजा घेऊन आले आणि त्यांनी गुणाजीचा वेग ठरवून टाकला.

"मी सरळ सांगून टाकतो," गुणाजी बायकोला म्हणाला.

मृणालिनी म्युनिसिपल शाळेत शिक्षिका. माणसाला ओळखायला तिला परीक्षा घ्यावी लागत नाही. "अहो, अजिबात सांगू नका. योगाचा क्लास चार दिवस केलात. व्यायामाला आणलेल्या सायकलवर कपडे वाळत घालतोय आपण. आता अख्खी चाळ तुम्हाला उठवायला येतेय, असा ट्रेनर कुठे मिळणार?"

ती साडेसहाला शाळेसाठी बाहेर पडे. प्रसाद सातला वाटला जाई. एवढ्या अर्ध्या तासाने घोटाळा केला.

घरी उकडलेला दुधी आणि नाचणीची भाकरी. खाली रोज एका घराचा प्रसाद. सोमवारी शिरा, मंगळवारी पेढे, शनिवारी गूळखोबरं आणि वर परत शिरा. पहिला द्रोण नवस करणाऱ्याला, आणि तोही काठोकाठ. गुणाजीने पहिल्या दिवशी हात मागे घेतला, तर कमळाबाईंचा चेहरा असा पडला, की त्याने दुसराही द्रोण घेतला. पुढे त्याने मनाशी एक हिशोब बसवला, की डोळे मिटून भक्तिभावाने खाल्लेलं अंगाला लागत नाही. तो इतका भाविक झाला, की लोक त्याच्याकडे बघत राहत.

शिवाय त्याला हलकं वाटू लागलं होतं. पट्टा दोन भोकं आत गेला होता. (पोटावरून काढून पोटाखाली बांधायला लागल्यापासून.)

अकराव्या आठवड्यात खरोखरच मंजुरीचं पत्र आलं. चाळीत ढोल वाजले. बुधाजींनी सभा बोलावली आणि ठराव एकमताने पास झाला: गुणाजीभाऊंची लाडूतुला करायची आणि ते लाडू घरोघर वाटायचे.

"नव्वदेक किलो मागवतो," बुधाजी म्हणाले.

"त्र्याऐंशी पुरे," मृणालिनी अभिमानाने म्हणाली. "तीन महिने दुधी खाल्लाय माझ्या नवऱ्याने."

रविवारी सकाळी पटांगणात लाकडाच्या वखारीतला भलामोठा तराजू टांगला. डॉक्टर हर्बर्ट प्रमुख पाहुणे. गुणाजी फेटा बांधून एका पारड्यात मांडी घालून बसला. दुसऱ्यात लाडू चढू लागले. सत्तर, ऐंशी, त्र्याऐंशी.

गुणाजीचं पारडं जमिनीवरून हललं नाही.

तराजू अडकला असेल म्हणून बुधाजींनी दांडी ठोकून पाहिली. साखळ्या झटकल्या. लाडवांवर पाच नारळ ठेवून पाहिले. शेवटी त्यांनी माइक घेतला. "भाविकांनी जागा सोडू नये. गुणाजीभाऊ अंदाजापेक्षा जास्त निघाल्यामुळे आणखी लाडू मागवले आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. घरटी लाडू वाढणार होते. गुणाजीच्या वजनाचं असं स्वागत आजवर कुणी केलं नव्हतं.

मृणालिनी सावकाश पारड्याजवळ आली. "अहो, तुम्ही खाली नक्की काय करत होतात?"

"चालत होतो."

"आणि?"

उत्तर कमळाबाईंनीच दिलं, तेही कौतुकाने. "प्रसाद ह्येका भारीच आवडता गो. रोज दोन द्रोण."

मृणालिनीने नवऱ्याचा फेटा सरळ केला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली. गुणाजीला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

लाडू आले. नारळ उतरले. नव्वद. त्र्याण्णव. पंचाण्णवला दोन्ही पारडी एका रेषेत आली आणि चाळीने मारुतीचा जयजयकार केला. डॉक्टर हर्बर्ट उठले, पारड्याशी वाकले आणि त्यांनी आमंत्रणपत्रिकेच्या मागे तो आकडा लिहून घेतला.

"डॉक्टर, गोळ्या?" गुणाजीने बारीक आवाजात विचारलं.

"रक्त तपासून ठरवू. आत्ता फक्त एक करा, अजिबात हलू नका. तुम्ही उठलात तर पंचाण्णव किलो लाडू खाली आपटतील."

तीन महिन्यांत डॉक्टरांचा हा एकच सल्ला गुणाजीने तंतोतंत पाळला.