उकड्या तांदळातला कॉम्प्युटर

आमच्या सोसायटीतले परबकाका रोज सकाळी पावणेआठला पार्किंगमध्ये जातात, स्वतःच्या लाल गाडीचा दरवाजा उघडतात आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसतात. पट्टा लावतात. मग तिथूनच वाकून चावी फिरवतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून पेपर वाचतात आणि इंजिन बंद करून घरी जातात. ड्रायव्हरची सीट या सगळ्या वेळात रिकामी असते. नव्या वॉचमनने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो घाईघाईने माझ्याकडे आला. साहेबांचा ड्रायव्हर अजून आला नाही, फोन करू का, असं विचारत होता.

काकांना गाडी चालवता येत नाही. चालवायच्या त्या सुलभाकाकू. पन्नाशीत क्लास लावून शिकल्या आणि पुढची बारा वर्षं काकांना शेजारी बसवून अख्खं मुलुंड फिरल्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगा कॅनडात असतो, तो दर फोनला सांगतो की बाबा, आता विकून टाका गाडी. त्या क्षणी काकांच्या फोनची रेंज जाते.

नुसती उभी राहिली तर गाडी बसेल, म्हणून काका चालवणारं माणूस शोधत होते. लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, लायसन आहे ना तुझ्याकडे? मी हो म्हणाले आणि तिथेच माझी वाट लागली. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं मासळी बाजारात जातो. बाजार चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही मात्र स्टेशनला वळसा घालून, तलावावरून, पंचवीस मिनिटांनी पोचतो.

आणि पंचवीसही मिनिटं काका मला गाडी शिकवतात. "आता दुसरा टाक. थांब. हां, आता." पिंपळाच्या वळणाआधी एवढ्या लांबून ब्रेक, की मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांची चौकशी करतो. पिवळ्या बिल्डिंगसमोर दोन हॉर्न, तेही लहान. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कशाला, म्हणून विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "गाडीला सवय आहे." मी पंधरा वर्षं रोज अंधेरीला गाडीने जाते-येते, आणि ज्यांनी जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही ते मला क्लच शिकवणार. मला सुलभाकाकूंची फार दया यायची. बारा वर्षं बिचारीने हे ऐकलं कसं असेल?

गेल्या पावसाळ्यात गाडी आचके द्यायला लागली. सिग्नलला बंद पडायची, गरम झाली की चालूच व्हायची नाही. आम्ही ती डॉमनिकच्या गॅरेजमध्ये नेली. डॉमनिक इथल्या जुन्या गावठाणातला, काकूंच्या वेळेपासून ही गाडी त्याच्याच हातची. त्याने बॅटरी तपासली, वायरी तपासल्या, स्कॅनर लावला आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागून पुस्तकाएवढा एक चपटा डबा काढून दाखवला. हा इंजिनाचा कॉम्प्युटर. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं हाच ठरवतो. काचेखालून पाणी झिरपून तो सडत चालला होता. बदलायला लागेल, डॉमनिक म्हणाला.

काकांचा चेहरा पडला. झालं होतं असं की कधीतरी डॉमनिकनेच काकूंना गंमतीत सांगितलं होतं, हा कॉम्प्युटर चालवणाऱ्याचा पाय ओळखायला शिकतो. काकांनी ते मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

"सुलभाचा पाय पाठ आहे त्याला," काका म्हणाले. "नव्याला काय माहीत ती कोण?"

डॉमनिक माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. त्याची आज लाज वाटते.

काकांनी तो डबा मागून घेतला, दुरुस्त होतो का बघतो म्हणाले. घाटकोपरला एक जण असे डबे उघडून दुरुस्त करतो, तिथे नेतील अशी आमची समजूत. चौथ्या दिवशी ते तो घेऊन गॅरेजमध्ये हजर. डॉमनिकने डबा हलवला तर आतून खुळखुळ आवाज आला. उघडल्यावर तांदळाचे दाणे पडले. काकांनी तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. मोबाइल भिजला की ठेवतात ना तांदळात, मग हा का नको?

डॉमनिकने कपाळाला हात लावला. काकांना वाटलं, तांदूळ चुकला. त्यांनी त्याला समजावून सांगितलं की साधा नव्हता, गावाहून आलेला चांगला उकडा होता. उकडा पाणी कसं ओढतो ते पेज करताना बघ. डॉमनिकही तितक्याच गंभीरपणे म्हणाला, आमच्याकडे सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मटणाच्या रश्शाबरोबर पण उकडाच लागतो, पण कॉम्प्युटरला नाही चालत, अंकल. त्या दोघांची तांदळावर एवढी चर्चा झाली की गाडी बाजूलाच राहिली.

शेवटी घाटकोपरच्या माणसानेही हात टेकले. बदलण्यावाचून इलाज नव्हता. काकांनी एकच विचारलं, जुन्यातलं सगळं नव्यात उतरवता येईल का? डॉमनिक या खेपेला हसला नाही. गाडीचा नंबर, चावीची ओळख, एवढं भरता येतं, म्हणाला. बाकी नवा कोरा असतो. थोडे दिवस चालवली की तो आपला आपण शिकतो.

"कोण चालवेल तसं शिकतो?" काकांनी विचारलं.

"हो, तसंच," डॉमनिक म्हणाला आणि स्कॅनरकडे वळला.

नवा डबा बसला, चाव्या जुळल्या, इंजिन पहिल्या हाकेला चालू झालं. मला वाटलं, सुटले. पण पुढच्या रविवारी काकांनी कहर केला. सूचना दुप्पट झाल्या, आवाज चढला. तेही माझ्याकडे न बघता, ग्लोव्ह बॉक्सकडे वाकून. पिंपळाच्या वळणावर मी लांबून ब्रेक मारला नाही, तर म्हणाले, मागे घे, पुन्हा कर. मागे बस होती. मी गाडी कडेला लावली आणि बोलले, काका, मला येते गाडी चालवता.

"तुला नाही गो सांगत," काका म्हणाले. "त्याला सांगतोय."

काका काचेतून समोर बघत बोलत राहिले. या वळणावर सुलभाची एकदा सायकलवाल्याला धडक होता होता राहिली, तेव्हापासून ती इथे लांबून ब्रेक मारायची. दुसरा गिअर ती उशिरा टाकायची. पिवळ्या बिल्डिंगमध्ये तिची मैत्रीण राहायची, दोन हॉर्न ऐकून गॅलरीत यायची. मैत्रीण डोंबिवलीला गेली तरी सुलभाचे हॉर्न चालूच.

मी विचारलं, म्हणजे तुम्ही काकूंना हे सगळं सांगायचा नाहीत?

"तिला काय सांगायचं? बारा वर्षांत एक शब्द नाही बोललो," काका म्हणाले. "बघत बसायचो. छान चालवायची." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "लागेल ना गं याला सवय?"

तो डबा हवा आणि पेट्रोल यांचा हिशोब शिकतो, हॉर्न आणि मैत्रिणी त्याला कळत नाहीत, हे मला माहीत होतं. लागेल, काका, मी म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मी स्टेशनचा वळसा घेतला. दुसरा गिअर उशिरा टाकला. पिंपळाच्या वळणाआधी लांबून ब्रेक मारला, मागच्या रिक्षावाल्याचं ऐकून घेतलं. पिवळ्या बिल्डिंगसमोर कोणी सांगायच्या आधी दोन लहान हॉर्न मारले. वर गॅलरीत कोणी आलं नाही. काकांनी मांडीवरची मासळीची रिकामी पिशवी जरा सारखी केली. बाजार येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.