पेरू, पपई आणि एक निर्दोष मतदान

आमच्या वॉर्डात गेल्या निवडणुकीत जी मतं बाद झाली, ती सगळी अत्यंत प्रामाणिकपणे बाद झाली होती, हे आधीच नमूद करून ठेवतो. आमच्या चियायी शहरात मतदानाला जाताना ओळखपत्राबरोबर स्वतःच्या नावाचा शिक्का न्यायचा असतो. तो उमटवला की मतपत्रिका हातात पडते. मग पडद्यामागे जायचं. तिथे सरकारी शिक्का ठेवलेला असतो, तो उमेदवाराच्या चौकटीत मारायचा. स्वतःचा मारला की मत बाद. आमची म्हातारी मंडळी पडद्यामागे गेली आणि त्यांनी पिशवीतून पुन्हा स्वतःचाच शिक्का काढला.

"बँकेत माझा शिक्का, टपालात माझा शिक्का, लग्नाच्या कागदावर माझा शिक्का," खांग आजोबा केंद्राधिकाऱ्याला म्हणाले. "मत माझं आणि शिक्का मात्र सरकारचा, हा कुठला न्याय?"

मोजणीच्या वेळी आमच्याकडे एकेक मतपत्रिका उंच धरून मोठ्याने पुकारतात, त्यामुळे खांग आजोबांचं गुप्त मत त्यांच्या संपूर्ण नावासकट वॉर्डाने पाहिलं. बाद झालेली बहुतेक मतं वॉर्डप्रमुख जिएनबाईंची होती. शेवटी त्यांची आणि विरोधी उमेदवार फांगसाहेबांची मतं सारखी झाली, चिठ्ठी काढावी लागली आणि बाई नशिबाने तरल्या.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. माझं नाश्त्याचं दुकान आहे, सोयाचं गरम दूध आणि अंड्याची पोळी मिळते. दुकानासमोर संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत थांबते. आमच्याकडे कचरा ज्याचा त्याने हातात धरून गाडीत टाकायचा असतो. या खेपेला पुन्हा उभ्या राहिलेल्या फांगसाहेबांच्या जाहीरनाम्यात एकच कलम होतं, गाडीचा थांबा बाजारापलीकडे न्यायचा. तिथे त्यांच्या मेव्हण्याचं चहाचं दुकान आहे, हा केवळ योगायोग होता. माझ्या आईचे गुडघे गेलेले. पण कचरा ती कुणाला टाकू देत नाही, कारण गल्लीतल्या सगळ्या बातम्या गाडीपाशीच वाटल्या जातात आणि तिचा दिवसभरातला बाहेर पडायचा तेवढाच प्रसंग. थांबा हलला तर ती घरात कोंडली जाणार होती. म्हणून जिएनबाई निवडून याव्यात ही माझी, काय म्हणतात ती, वैचारिक भूमिका होती.

या खेपेला एकही मत बाद होऊ द्यायचं नाही असं बाईंनी ठरवलं आणि मतदारांना सराव देण्याची परवानगी मागितली. जिल्हा कार्यालयातून लिएन नावाचे साहेब आले. त्यांनी परिपत्रक आणलं होतं. सरावाच्या मतपत्रिकेवर खऱ्या माणसाचं नाव नको, कारण तो प्रचार होईल. खोट्या माणसाचं नाव नको, कारण तसा माणूस कुठेतरी निघाला तर त्याचा प्रचार होईल.

"मग काय छापायचं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"फळं," लिएनसाहेब म्हणाले. "फळं पक्षनिरपेक्ष असतात."

तेव्हा एक नंबरवर पेरू आणि दोन नंबरवर पपई असं ठरलं. दोन्ही चित्रं सारख्याच आकाराची हवीत, अशी अट होती. त्यासाठी पपई बारीक केली आणि पेरू फुगवला.

खऱ्या मतदारयादीत आमची नावं आपोआप येतात, कुणाला काही करावं लागत नाही. सरावासाठी मात्र नोंदणी सक्तीची होती. नोंदणीला ओळखपत्र, फोटो आणि स्वतःचा शिक्का लागायचा. मी दुकानाबाहेर टेबल टाकून बसलो आणि पोळ्या उलटता उलटता लोकांची नावं नोंदवली. ज्याची शिक्का वापरायची सवय मोडायची होती, त्याच्याकडून आधी तीन ठिकाणी शिक्का मारून घेतला जात होता.

पहिल्या सरावाला सगळ्यांनी स्वतःचेच शिक्के मारले. दुसऱ्या वेळी बाईंनी पडद्याशी दोन बायका उभ्या केल्या, त्या आत जाणाऱ्याचा शिक्का काढून घेत. मग घडी कशी घालायची, शाई ओली असेल तर फुंकर किती जोरात मारायची, याचे धडे झाले. सरावाचीही मोजणी हवी असा लिएनसाहेबांचा आग्रह, म्हणून देवळाच्या अंगणात मतपत्रिका उंच धरून पुकारा झाला. पेरू जिंकला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग माझी आई उठून उभी राहिली.

"फेरमोजणी करा," ती म्हणाली.

"अहो काकू, सराव आहे हा," जिएनबाई म्हणाल्या.

"सराव असला म्हणून काय झालं? मी पपईला दिलंय मत. पेरूने पोट गच्च होतं, हे या गल्लीत कुणालाच माहीत नाही का?"

"आणि पपईने काय होतं तेही सांगा की, वहिनी," खांग आजोबा मागून म्हणाले. "संडासाची रांग वाढवायची असेल तर खुशाल द्या पपईला."

फेरमोजणी झाली. पेरूच जिंकला. पपईवाल्यांनी पुन्हा सराव मागितला आणि लिएनसाहेबांनी तो आनंदाने दिला, कारण लोकसहभाग वाढल्याचं त्यांना वर कळवायचं होतं. त्या आठवड्यात पपईवाल्यांनी नारिंगी टोप्या शिवल्या. पेरूवाल्यांनी एक टेम्पो भाड्याने आणून त्यावर भोंगा लावला. कागदी रुमालांची पाकिटं वाटली गेली, एका बाजूला पेरू आणि दुसऱ्या बाजूला 'पोट भक्कम, वॉर्ड भक्कम'. माझी बायको श्यूलुआन पेरूवाली निघाली, त्यामुळे आमच्या घरात सासू-सुनेचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं.

"तुझ्या आईला सांग, सूप तयार आहे."

"तुझ्या बायकोला सांग, ज्या हाताने तिने पेरूवर शिक्का मारला त्या हातचं सूप मला नको."

खरे उमेदवार मात्र हवालदिल झाले होते. जिएनबाई घरोघर जाऊन वाकून नमस्कार करत. लोक म्हणत, "बसा हो बाई, पण आत्ता नका सांगू काही, रविवारी सराव आहे." देवळात दोन्ही उमेदवारांची जाहीर सभा झाली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, तुम्ही पेरू की पपई? बाई सरावाच्या आयोजक. परिपत्रकानुसार त्यांना तटस्थ राहणं भाग होतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. लोकांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिजोरी फोडल्याची कबुली दिली होती. फांगसाहेब म्हणाले, "मी लहानपणापासून दोन्ही खातो." त्यांना टाळ्या पडल्या.

मग उमेदवारांचे नंबर काढायची वेळ आली. बाईंना एक नंबर मिळाला, फांगसाहेबांना दोन. बाई खूश झाल्या, एक नंबर शुभ म्हणून. मी मात्र धावत त्यांच्याकडे गेलो.

"बाई, एक म्हणजे पेरू. दोन म्हणजे पपई. आणि शेवटच्या सरावात पपई जिंकलीय."

"मग?"

"मग लोक हाताच्या सवयीने दोनवर शिक्का मारतील."

बाई खळखळून हसल्या. "तुम्ही पोळ्या भाजा बघू. लोक काय वेडे आहेत का? फळ कुठे, माणूस कुठे."

तरी मी लिएनसाहेबांना भेटून, सरावातले नंबर अदलाबदल करता येतील का, असं विचारलं. ते दुखावले. इतका सराव झाल्यावर नंबर बदलले तर मतदारांचा गोंधळ उडेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. फांगसाहेबांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी फक्त आपल्या प्रचारफलकांचा रंग नारिंगी करून घेतला.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून रांग लागली. लोक शिस्तीत आले, स्वतःचा शिक्का मारून मतपत्रिका घेतली, तो खिशात ठेवला, पडद्यामागे गेले, सरकारी शिक्का मारला, फुंकर मारली, घडी घातली. इतकं देखणं मतदान केंद्राधिकाऱ्याने जन्मात पाहिलं नव्हतं. खांग आजोबांनी तेवढं बाहेर येऊन विचारलं, "पेरूचं चित्र छापायचं राहिलंय का हो?" आणि एक नंबर जागच्या जागी आहे म्हटल्यावर निर्धास्तपणे परत आत गेले.

दुपारी चारला मोजणी सुरू झाली. एकेक मतपत्रिका वर जात होती. एक नंबर. दोन नंबर. दोन नंबर. एकही मत बाद झालं नाही. फांगसाहेब निवडून आले. जिएनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि लिएनसाहेब त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, कारण बाद मतांचा रकाना कोरा असलेला जिल्ह्यातला हा पहिलाच वॉर्ड होता. बाईंना नंतर मानपत्रही मिळालं. मला खरंच फार वाईट वाटलं त्यांचं.

घरी आलो तर आई नारिंगी टोपी घालून चहा पीत होती.

"आई, तू कुणाला दिलंस?"

"दोन नंबरला."

"अगं, दोन नंबर फांग होता."

"माहीत आहे. मला वाचता येतं."

"आता कचऱ्याची गाडी बाजारापलीकडे जाणार."

"तेही माहीत आहे."

"मग असं का केलंस?"

तिने कप खाली ठेवला. "अरे, इतके दिवस त्या पेरूवाल्यांशी भांडले. तुझ्या बायकोशी अबोला धरला. आणि शेवटच्या दिवशी जाऊन एक नंबरवर शिक्का मारू? चार माणसांत मग तोंड कसं दाखवायचं मी?"

नव्या वर्षात गाडीचा थांबा हलला. आई अजूनही स्वतःच जाते, मी मागून प्लास्टिकचं स्टूल घेऊन चालतो. ती दर विजेच्या खांबाशी बसते, आणि आम्ही पोचेपर्यंत गाडीचं गाणं बहुतेक वेळा पुढच्या गल्लीत गेलेलं असतं. मग आम्ही कचरा घेऊन परत येतो.

परवा अशाच एका खांबाशी तिला मी लिएनसाहेबांची बातमी सांगितली. ते परदेशात अभ्यासदौऱ्याला निघालेत. तिकडे म्हणे असा एक देश आहे, जिथे खऱ्या मतपत्रिकेवरच चित्रं छापतात, आणि लोक आजोबांपासून नातवापर्यंत एकाच चित्राला मत देतात. सरावाची गरजच पडत नाही.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. ती गुडघा चोळू लागली.

"आजोबांपासून नातवापर्यंत?" ती म्हणाली. "एवढी निष्ठा म्हणजे त्यांच्या तर अगदी दारात थांबत असेल ना रे कचऱ्याची गाडी?"

तिकडचं कुणी भेटलं तर विचारून सांगतो, असं म्हणून मी स्टूल उचललं.