बाकीचे दहा गुण

हवा फुकट मिळते तोवर तिच्याबद्दल कोणाला मत नसतं. ती यंत्रातून येऊ लागली, की घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीला एक मत प्राप्त होतं, आणि शेजाऱ्यांना दोन.

आमच्याकडे असं यंत्र आलं ते माझ्या सासऱ्यांसाठी. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची फुप्फुसं जुन्या आजाराने दमली होती, म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना छातीच्या डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लिहून दिला. यंत्र प्रवासी बॅगेएवढं. ते खोलीतली हवा आत घेतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे नाकाशी पोचवतं. समोर एक फिरवायचं बटण, आणि त्याच्या वर उभ्या काचेत एक छोटी गोळी. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन ती गोळी दोनच्या रेघेवर आणली आणि म्हणाल्या, "बोटाला हा ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव यायला हवं. त्याच्या वर न्यायचं नाही. धाप वाढली तर बटण फिरवू नका, मला फोन करा. जास्त ऑक्सिजन यांना सोसत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जवळ विस्तव नको, नाकाला तेलकट मलम नको, नळी कोणाच्या पायात नको, यालाही डोलावल्या. आमचं घर शिक्षकांचं. लक्ष देऊन कसं ऐकावं हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इतरांना शिकवत आलो आहोत.

मग कामांचं रीतसर वाटप झालं. थोरले दीर गणिताचे क्लास चालवतात, म्हणून आकडे त्यांच्याकडे. नळी सासूबाईंकडे. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे यंत्राच्या ज्या बाटलीतून बुडबुडे येतात तिच्यात पाणी भरण्याचं खातं मला मिळालं.

पहिल्याच संध्याकाळी चिमट्याने नव्वद दाखवलं. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

यामागची पार्श्वभूमी अशी. नव्वद गुण मिळवून आलेल्या प्रत्येक मुलाला अण्णांनी उभ्या आयुष्यात एकच प्रश्न विचारला आहे: "बाकीचे दहा कुठे गेले?" थोरले दीर हाच प्रश्न ऐकत वाढले, आणि आता तोच प्रश्न ते दुसऱ्यांच्या मुलांना फी घेऊन विचारतात. अण्णांनी चिमटा काढला, बोट चादरीला पुसलं आणि पुन्हा लावला. नव्वद. फेरतपासणीतही गुण वाढले नाहीत. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

तुलनेसाठी सर्वांनी आपापली बोटं तपासली. सासूबाईंना सत्त्याण्णव पडले, दिरांना अठ्ठ्याण्णव. शेजारचे कर्नल (लष्कराशी संबंध नाही, आवाजावरून नाव पडलं आहे) नव्व्याण्णव मिळवून पहिले आले आणि चिमटा बोटातच ठेवून घरी निघाले. तो जिन्यातून परत आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. त्यांनी काचेतली गोळी पाहिली आणि विचारलं, "पाचपर्यंतची सोय आहे, आणि माझ्या भावाला दोन? अगं, साधं पाणी देतानाही आपण पेला भरून देतो."

मी डॉक्टरीणबाईंचं सांगणं पुन्हा सांगितलं. मला पाण्याचं बघायला सांगण्यात आलं.

त्यानंतर गोळीची जी प्रगती झाली ती अशी:

दोन: डॉक्टरांचा सल्ला.
अडीच: सासूबाईंची काळजी.
तीन: आत्यांची माया.
चार: कर्नलांचा अनुभव (त्यांच्या साडूंच्या मित्राला चार होतं, त्या मित्राचं पुढे काय झालं हे विचारलं की कर्नल विषय बदलत).
पाच: थोरल्या मुलाचं कर्तव्य. त्याच्यापुढे माया करण्याची सोय यंत्र बनवणाऱ्याने ठेवलेली नाही.

बाटली भरायला गेले की मी गोळी दोनवर आणत असे. पण मी एकटी होते आणि मायेच्या पाळ्या लागलेल्या होत्या. दरम्यान नाकासाठी आणलेलं आत्यांचं तेलकट मलम मी कपाटात टाकलं, आणि यंत्राजवळच सिगारेट शिलगावायला निघालेल्या कर्नलांचा लायटर हरवायला मदत केली. या कामांची कुठे दखल घेतली गेली नाही.

निकाल मात्र उत्तम लागला. त्र्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. दिरांनी नातेवाइकांना फोन करून कळवलं, त्यांनी अभिनंदन केलं. अण्णांना झोपही छान लागू लागली: सकाळी, दुपारी, घास हातात असताना. उठल्यावर त्यांचं डोकं दुखे. ते जास्त झोपल्यामुळे, असं सर्वानुमते ठरलं.

अशाच एका दुपारी दीर पलंगाच्या कडेला बसून नव्या वर्गाची रचना सांगत होते. सात बाक, एका बाकावर आठ मुलं. "म्हणजे सात आठे चोपन्न," ते बोलण्याच्या ओघात म्हणाले.

अण्णांनी डोळे अर्धवट उघडले. "शाब्बास," ते म्हणाले.

दिरांना हा शब्द पन्नाशी उलटल्यावर प्रथमच ऐकायला मिळत होता. सासूबाईंनी डोळे पुसले. आत्या म्हणाल्या, "मऊ झाला गं माझा भाऊ."

मी बाटली खाली ठेवली. "अण्णा, सात आठे किती?"

ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि झोपले. चुकलेला पाढा सोडून देणारा हा माणूस मला ओळखीचा वाटेना. मी फोन केला.

"यंत्र बंद करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनवर आणा आणि रुग्णवाहिकेतून त्यांना घेऊन या. आत्ता."

दवाखान्यात कळलं ते असं. अण्णांच्या शरीराला थोडक्यात भागवायची सवय झाली होती. वरून जास्त ओतलं, तसा आतला वाईट वायू बाहेर पडेना. तो साठत गेला आणि गुंगी आली. त्या गुंगीला आम्ही विश्रांती म्हणत होतो. ती आणखी थोडी लांबली असती तर कायमची झाली असती, हे डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच सौम्य शब्दांत सांगितलं. अण्णांच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला. उठतील का, याचं उत्तर कोणी देईना. दीर बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मधूनच स्वतःशी म्हणत होते, "छप्पन्न."

मास्क निघाला तेव्हा आम्ही सगळे पलंगाभोवती होतो. अण्णांनी एकेकाकडे पाहिलं आणि नजर थोरल्यावर थांबवली.

"सात आठे?"

"छप्पन्न, अण्णा."

"मग त्या दिवशी?"

गुंगीतही चूक टिपली गेली होती. शेरा तेवढा उशिरा आला. दिरांनी मान खाली घातली. इतक्या आनंदाने मान खाली घातलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं, या वेळी आमच्या भाषेत. "यांच्यासाठी नव्वद म्हणजे पैकीच्या पैकी. सत्त्याण्णव म्हणजे नापास."

"बाकीचे दहा कुठे गेले?" अण्णांनी विचारलं. सवय होती.

"ते तुम्ही चाळीस वर्षं स्टाफरूममध्ये फुंकलेत."

अण्णांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. हेही घरात प्रथमच घडत होतं.

आता बटणावर दिरांनी डब्याचं झाकण चिकटपट्टीने बसवलं आहे. आत्या आल्या की यंत्राऐवजी भावाच्या पाठीवरून हात फिरवतात. अण्णांना बोलताना अजून मध्ये थांबावं लागतं, पण चिमटा लावला की आकडा ते स्वतः जाहीर करतात: "नव्वद." आवाज पूर्वीसारखाच, निकाल वाचून दाखवतानाचा.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र चेहरा पडतो. "फक्त?" असं म्हणून ते झाकणाकडे हात नेतात. आपण तसं केलं नसतं, अशी तुमची खात्री असेल. पण मघाशी त्या पहिल्या संध्याकाळी अण्णांना नव्वद पडले, तेव्हा डॉक्टरीणबाईंचं सांगणं तुमचं नुकतंच वाचून झालं होतं. आणि तरीही त्यांच्यासाठी तुम्ही थोडं हळहळलातच.

भेटायला अवश्य या. हात खिशात ठेवून या.