भोंग्याची मालकी

जोतीराम तात्यांची मागणी साधी होती. रील काढून टाका.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कौसल्याबाईंनी उखाणा घेतला आणि मुलीने, श्रेयाने, तो मोबाइलवर टिपून लगेच चढवला. 'कारखान्याचा भोंगा वाजतो पाळी सुटल्यावर, जोतीरामरावांचा भोंगा सुरू पाठ टेकल्यावर.' दोन दिवसांत तात्यांच्या घोरण्याची वर्दी अख्ख्या सणसरला गेली. दूध घालायला गेले, तर डेअरीवाला अजित म्हणाला, "तात्या, आज भोंगा उशिरा झाला का?" तात्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यात येत्या रविवारी मुलाच्या, दिग्विजयच्या सोयरिकीसाठी माळेगावचे पाहुणे घर बघायला यायचे होते.

"घोरणं ही माझी खासगी बाब हाय," तात्या म्हणाले.

"खासगी?" कौसल्याबाई लसूण सोलत होत्या. "शेजारची यशोदा कानात कापूस घालून झोपती."

"रील काढ म्हणतो ना."

"उखाणा मी जुळवला, आवाज माझा. तुमचं त्यात हाय काय? नाव. तेवढं काढा."

श्रेयाने तोडगा काढला. जुनी रील पुसली आणि नावाच्या जागी बीप घालून नवी चढवली.

बीपने घात केला. बाईने नवऱ्याला शिवी हासडली, असा लोकांचा समज झाला. "तात्या, वैनी नेमकं काय म्हणाल्या?" अजितने विचारलं. "आमी तिघांनी तीन वेगळ्या शिव्या धरल्यात." संध्याकाळी समितीचे दोन सदस्य घरी आले आणि अध्यक्षांना बायकोशी जुळवून घ्यायचा सल्ला देऊन, चहा पिऊन गेले.

मग बायकांच्या लक्षात आलं, की बीप म्हणजे मोकळी जागा. ज्या-त्या बाईने तिथे आपापला नवरा बसवला. इंदापूर-बारामतीत घरोघरचे भोंगे वाजू लागले आणि तात्यांना हायसं वाटलं. गर्दीत त्यांना कोण शोधणार होतं?

रविवारी माळेगावहून नारायणराव आणि विजयमालाबाई आले. दिवस बदललेत म्हणून मुलगी राजेश्वरीही आली. पोहे झाले, उसाची चर्चा झाली. मग विजयमालाबाईंनी फोन पुढे केला.

"माझा उखाणा ऐकलाय न्हवं? लई गाजला. भिशीच्या बायकांनी साडी नेसवली मला."

फोनमधून त्यांचाच आवाज आला. '...नारायणरावांचा भोंगा सुरू पाठ टेकल्यावर.'

कौसल्याबाई खाली बघत राहिल्या. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई पोराच्या सोयरिकीपायी गप्प बसलीय, हे तात्यांना कळलं. आणि ते त्यांना बघवेना.

"पाव्हणं, हा उखाणा आमच्या हिचा हाय."

"कशावरनं?" विजयमालाबाई म्हणाल्या. "नाव तर ह्यांचं हाय."

"मूळ नाव मीच काढाय लावलं. घोरतो तो मी."

दिग्विजयने पोह्याच्या बशीत मान घातली. नारायणरावांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

"उपकार झालं, तात्या," ते हळूच म्हणाले. "मी घोरतच न्हाय. ही घोरती. पर सांगू कुणाला?"

"भैनीकडनं ऐकला, घेतला," विजयमालाबाई फणकारल्या. "उखाण्याला काय सातबारा असतो व्हय?"

"मग 'माझा' कशापायी म्हणता?" आता कौसल्याबाईंना कंठ फुटला. "साडीबी मलाच मिळाया पायजे हुती."

सोयरीक मोडायच्या बेताला आली. गावचे सतरा तंटे मिटवलेल्या अध्यक्षांनी आणखी एकदा चहा ठेवायला सांगितला.

"मामी, भांडताय कशाला?" राजेश्वरी कौसल्याबाईंना म्हणाली. "लग्नात त्यो उखाणा मी घेते. माहेरचाबी माझा, सासरचाबी माझा. नाव ह्यांचं घालीन."

दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघीही हसल्या. साखरपुड्याची तारीख ठरली.

गाडी वळून दिसेनाशी झाली, तसा दिग्विजय तात्यांजवळ आला.

"तात्या, पर मी घोरत न्हाय."

"मीबी घोरत नव्हतो," तात्या म्हणाले, "लगीन हुईस्तोवर."