पोलादाचं वजन वाढलं

माझं पोलाद झिजत नाही, हे मी रायपुरात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या पानवाल्यालासुद्धा! पीएचडीचं सहावं वर्ष होतं आणि शेवटची चाचणी उरली होती. फिरत्या चकतीवर पोलादाची कांडी तासभर कोरडी घासायची आणि वजन किती घटलं ते बघायचं. अकराला इरावती मॅडम, माझ्या गाइड, निकाल बघायला येणार होत्या. जमलं तर प्रबंध सादर, नाहीतर आणखी एक वर्ष.

पहाटेपासून मी घरात येरझाऱ्या घालत होतो.

"काहून चकरा मारून राहिले हो? फरशी झिजून जाईन," बायको, मीनल, म्हणाली.

"मले बसवतच नाही."

"मग कॉलेजात जाऊन फिरा ना."

आठलाच लॅब उघडली. कांडी धुतली, वाळवली, तोलली. चकती परवाच साफ केली होती, म्हणून तिच्याकडे बघितलंही नाही. एरवी हे मशीन असं किंचाळतं की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात. आज हूं की चूं नाही. तासाभराने कांडी तोलली. वजन घटलंच नव्हतं. उलट तीन मिलिग्रॅम वाढलं होतं!

मी मीनलला फोन केला, प्राचार्यांना केला, मॅडमना तर दोनदा केला.

मॅडम आल्या. चकतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"शिशिर, हे तूप आहे."

काल लॅबमध्ये विश्वकर्मा पूजा, म्हणजे यंत्रांची पूजा, झाली होती. मी लॅब अटेंडंट भैय्यालालवर धावून गेलो.

"मशीन को घी किसने लगाया?"

"साहब, मैं तो नारियल फोड़ा हूँ. घी-सिंदूर का टीका आपने लगाया. बोले, इसी चकती पे मेरी डिग्री घूम रही है, तो यहीं लगेगा."

शक्यच नाही, म्हणालो. मॅडमनी शांतपणे मोबाइल पुढे केला. माझंच स्टेटस होतं. डोळे मिटलेले, अंगठा चकतीवर.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी नुसते हात जोडा."

चकती घासूनपुसून पुन्हा लावली. मशीन किंचाळलं. पोलाद चारचौघांच्या पोलादासारखंच झिजलं. आणखी एक वर्ष.

संध्याकाळी मीनलने दारातच विचारलं, "झिजलं काय?"

मी "हो" म्हणालो आणि चपला काढल्या. उजवीची टाच पार गेली होती. तिला कोणी तूप लावलं नव्हतं.