निर्गुंडीचा चोथा

लिहिणं हे लेखकांचं काम. त्यात मी हात घालतो आहे म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण शाणूबाप्पांबद्दल लिहील असा दुसरा कुणी गोव्यातल्या आमच्या मुळगाव या गावात मला दिसत नाही.

बाप्पा म्हणजे आमच्याकडे चुलता. हे माझे सख्खे नव्हेत, कुंपणापलीकडचे. मूळचे मांद्र्याचे, खाणीवर फिटर होते. बायको गेली, मूलबाळ नाही. दर पंधरवड्याला ते सकाळच्या म्हापशाच्या बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसत. पिशवीत पंधरा दिवसांचा निर्गुंडीचा चोथा. वास असा, की भरल्या बसमध्येही त्यांच्या शेजारची जागा रिकामी असे. मी कॉलेजला त्याच बसने जात असल्यामुळे ती माझ्या वाट्याला येई. एकदा कंडक्टरने पिशवी टपावर टाकायला सांगितली, तर बाप्पा स्वतःच टपावर चढायला निघाले.

हा चोथा ते मांद्र्याला नेऊन, ज्या झुडपाचा पाला आणला त्याच्याच मुळाशी घालत. "झाडाचें झाडाक," म्हणत. पाला कुटायचा, फडक्यातून रस गाळायचा, खोबरेल तेलात मिसळून बरणी उन्हात ठेवायची. पाणी उडून जाईपर्यंत वाट पाहायची. चूल नाही. पावसाळ्यात पंधराचे चाळीस दिवस होत, तरी चूल नाही. झाडाला चटका द्यायचा नाही, असा त्यांचा कायदा होता.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. भीत भीत सांगितलं, की आमच्या प्रयोगशाळेत द्रावक घालून काही तासांत अर्क निघतो.

"आनी मागीर तो चोथो झाडाक घालूं येता?"

नाही, टाकून देतात, म्हटलं. बाप्पा खिडकीबाहेर बघू लागले.

माझी खरी अडचण वेगळी होती. निर्गुंडी मुळगावात त्यांच्या परसातच माजली होती. मग दोन बस बदलून मांद्र्याला कशाला? विचारलं, तर ती वेगळी म्हणाले. पुस्तकात पाहिलं, वेगळी नव्हती.

शेवटी आईने सांगितलं. मांद्र्याचं झुडूप धाकट्या भावाच्या, सगुणच्या फाटकाशी आहे. गोवा राज्य व्हायच्या आधी भाषेचा वाद पेटला, तेव्हा बाप्पा मराठीच्या बाजूने आणि सगुण कोकणीच्या. भांडले मात्र दोघेही कोकणीतच. माझी पायरी चढू नकोस, असं सगुण म्हणाला. बाप्पा पायरी चढत नाहीत. पाला खुडतात, चोथा घालतात, सगुणच्या दुखऱ्या ढोपरांसाठी तेलाची बाटली कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवतात आणि मान वर न करता फिरतात. पुढच्या खेपेला बाटली तिथे नसते.

एकदा बसमध्ये ते आपणहून म्हणाले, "बाटली न्हेता तो. म्हणजे राग उतरता. एक दिस उलयतलो." उलयतलो, म्हणजे बोलेल.

यंदाच्या थंडीत कॉलेजसाठी मला परसातल्या निर्गुंडीशी ताडून पाहायला मांद्र्याची फांदी हवी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर मांद्र्याला गेलो. बाप्पा खाली बघून पाला खुडत होते. मी वर पाहिलं. खिडक्या बंद, सोप्यावर पाचोळ्याचा थर, दाराच्या कुलपाला गंज. हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना.

मला सांगावं लागलं नाही. शेजारच्या घरातून एक म्हातारी पदरात रिकाम्या बाटल्या घेऊन आली.

"तू शाणू न्हय रे? तुका कोणी सांगूक ना? सगुण पुण्याक गेलो, चेडवाकडे. दोन चवथी झाल्यो." चेडवाकडे म्हणजे मुलीकडे, आणि दोन चवथी म्हणजे दोन वर्षं. मग जरा ओशाळून म्हणाली, "तेल मीच न्हेतंय. फुकट कित्याक जावचां? माजी ढोपरां बरीं झालीं हां."

बाप्पांनी हातातला पाला पिशवीत भरला. भाऊ काही निरोप ठेवून गेला का, हे त्यांनी विचारलं नाही.

"जाताना त्येका चलूंक येय?" एवढंच विचारलं. म्हणजे चालता येत होतं का; तेल लावलं असेल, तर यायला हवं होतं.

म्हातारी बाटल्या गडग्यावर मांडत होती.

"ना रे बाबा. दोगांनी धरून गाडीत बसयलो."