चौथ्या गटातली गाठ

ज्याचा वर्ग ठरला नाही, त्याचं या जगात काही खरं नाही. माणूस असो, कापूस असो की नंदुरबारची मिरची, आधी प्रत ठरते, मग किंमत.

हे सत्य हेमकांत पाटलाइतकं कुणाला पटलेलं नव्हतं. तळोद्याच्या एका कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर त्याची उमर गेली. 'वरीलपैकी काहीही नाही' असा शेरा पडलेला अर्ज पुढे सरकल्याचं त्याने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

म्हणूनच आईच्या गाठीचा रिपोर्ट त्याने तीनदा उलटसुलट वाचला.

आई म्हणजे प्रमिलाबाई. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं, तेव्हा घरात त्याचं वर्गीकरण लगेच झालं होतं. घरगुती पद्धतीत गट चार: उष्णता, वजन उचललं, वय झालं आणि नजर लागली. (ही पद्धत फार जलद आहे. यंत्र लागत नाही. बाईला विचारावंही लागत नाही.) हेमकांतने जेवता जेवता 'उष्णता' असा निकाल दिला आणि सब्जाचं पाणी सुरू झालं. वर्ष त्यातच गेलं. मग सुरतेच्या डॉक्टरांनी गर्भाशय काढलं, अस्तराचा कॅन्सर निघाला, आणि गाठीचा तुकडा रेणूंच्या तपासणीला मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला.

डॉक्टरांनी समजावलं. पूर्वी गाठ नुसती दिसण्यावरून ओळखायचे, आता तिच्या आतलं बघतात. गट चार. पहिला, दिसायला भयंकर, वागायला गरीब. दुसरा, पेशींच्या दुरुस्तीचं खातंच बंद पडलेलं. तिसरा, पहारेकरीच फितूर. हा सगळ्यात वाईट. चौथा, ज्यात या तिन्हींपैकी काहीच सापडत नाही.

"म्हणजे आम्हाला गटच नाही?" हेमकांतने विचारलं.

"हाच गट आहे. सगळ्यात जास्त बायका यातच असतात. सोमवारपासून किरणांची लाईट देऊ."

डॉक्टर बिचारे शिकलेले. त्यांना दाखल्यांचं टेबल माहीत नव्हतं. सोमवारी आईला खिडकीवरून परत पाठवणार, याबद्दल हेमकांतला शंका उरली नाही.

त्यात काका दोधू पाटलांनी आपल्या अहिराणीत तेल ओतलं. "युसुफ टेलरनी बायको साबिरा, तिले तिसरा गट भेटी गया. नाव शे त्या गटले. आन आपलं एवढं जुनं घर, आपली गाठमा काहीच इशेष नई?"

अशा रीतीने गाठ-गट पडताळणी कृती समिती स्थापन झाली. अध्यक्ष दोधू पाटील, सचिव हेमकांत, सदस्य सगळी भाऊबंदकी. (महिला प्रतिनिधीची जागा रिक्त ठेवण्यात आली. योग्य उमेदवार स्वयंपाकात होती.) अर्जाला सातबारा जोडला, आजीचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. सरपंचांनी लिहून दिलं की सदर गाठ ही गावची कायम रहिवासी असून तिची वर्तणूक चांगली आहे. प्रयोगशाळेत हे सगळं समक्ष सादर करायचं ठरलं. दिवस निघाला सोमवार.

"सोमवारे मन्हा लाईट शे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"माय, तू गप ऱ्हाय. गट नई ते लाईट नई. तुले नियम माहीत नई शे."

"गाठले काय लगीनले धाडनी शे का, एवढं घरानं दखाडी ऱ्हायनात?"

समिती रेल्वेने मुंबईला गेली. प्रमिलाबाई युसुफच्या जीपमध्ये साबिराशेजारी बसून सुरतेला गेल्या. वाटेत म्हणाल्या, "तुन्हा गटनं मोठं नाव शे म्हने, साबिरा."

साबिरा बाहेर बघत होती. "नाव मोठं शे, बाई. पन डाक्टर मन्हाकडे देखीसन हासस नई."

प्रमिलाबाईंनी डबा उघडून भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या हातात ठेवला.

प्रयोगशाळेने समितीला चहा पाजला आणि गट कायम ठेवला. हेमकांत पडक्या चेहऱ्याने परतला, तर आई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होती.

"परत पाठवलं ना?"

"नर्सनी इचारं, मी चौथा सांगं. ती बोलनी, मशीनखाले आडी पड."

हेमकांतने अर्जाची फाईल खाली ठेवली. बिनगटाचं काम झालं होतं. मग त्याने विचारलं, "माय, आपन डाक्टरकडे आधी जावाले पाहिजे व्हतं का?"

"वरीसभर आधी. तुले सांगं व्हतं ना." तिने एक मिरची बाजूला टाकली. "तू जेवी ऱ्हायंता."

त्या निकालावर अपील कुठे करायचं, ते त्याच्या टेबलावर कुणी कधी विचारलं नव्हतं.

असो. वाचकहो, हसून झालं असेल तर जरा आठवा. तुमच्याही घरात कुणी बाई ताट वाढता वाढता काहीतरी सांगून गेली होती. तुम्ही तिला कोणता गट दिलात? आठवत नसेल तर काळजी नको. तो पाचवा गट, न ऐकणाऱ्यांचा. आपण सगळे त्यात आहोत, दाखला लागत नाही.